निळे मांजर आणि जुनी पेठ

जून महिना सरत आला की विदर्भातल्या शाळा उघडतात आणि वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी येथील बाजारपेठांत वर्षातला एक ठरलेला हंगाम सुरू होतो. वह्या, दप्तरे, पाण्याच्या बाटल्या, कंपासपेट्या, जेवणाचे डबे, रेनकोट यांनी दुकाने भरून जातात. दर्शनी भागात टांगलेल्या दप्तरांवरून एक निळे, गोलमटोल, बिनकानाचे मांजर गिऱ्हाइकाकडे पाहून हसत असते. दुसरीतल्या नातवाला तेच दप्तर हवे असते. सोबत आलेल्या आजोबांना ते मांजर आहे हेसुद्धा ओळखू येत नाही. दुकानदाराला मात्र एवढे पक्के ठाऊक असते की चित्राचे दप्तर आधी उचलले जाते आणि साधे दप्तर मागे राहते.

या मांजराचे नाव डोरेमॉन. जन्मभूमी जपान. वर्ध्यापासून हजारो कोसांवर असलेल्या त्या देशातले एक चित्र आपल्या गल्लीतल्या दुकानापर्यंत कसे पोहोचले, त्यात कोणाची मेहनत आहे, कोणाचा नफा आहे आणि आपल्या व्यापाऱ्याचे त्यात स्थान काय, हा विचार करण्याजोगा विषय आहे. वरवर तो मुलांचा वाटतो. पण त्याचा शेवट थेट गल्ल्यापाशी आणि खातेवहीपाशी येऊन थांबतो.

जपानशी जुनी ओळख

वर्धा जिल्ह्याला जपान नवे नाही. हिंगणघाटचा कापूस एकेकाळी स्वतःच्या गावाच्या नावाने देशोदेशीच्या व्यापारात ओळखला जाई. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने आणि निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीच्या सहकार्याने मुंबई ते कोबे अशी नियमित जहाजवाहतूक सुरू झाली. त्यानंतर हिंदी कापसाचे जपान हे मोठे गिऱ्हाईक बनले. कच्चा माल इकडून जाई आणि सूत व कापड होऊन जगाच्या बाजारात येई. घडवणाऱ्याचा नफा पिकवणाऱ्याच्या नफ्यापेक्षा मोठा असतो, हा धडा आपल्या पेढ्यांना तेव्हापासून पाठ आहे.

दुसरी ओळख धर्माची. १९३३ च्या ऑक्टोबरात निचिदात्सु फुजी हे जपानी बौद्ध भिक्षू वर्ध्यात महात्मा गांधींना भेटले. पुढे ते ‘फुजी गुरुजी’ याच नावाने ओळखले गेले. त्यांचा जपानी मंत्र सेवाग्राम आश्रमाच्या प्रार्थनेत समाविष्ट झाला आणि त्यांच्या परंपरेचा विश्वशांती स्तूप आज वर्ध्यात उभा आहे. योगायोग असा की त्याच १९३३ सालच्या डिसेंबरात जपानमधल्या ताकाओका या गावी हिरोशी फुजिमोतो नावाचे मूल जन्मले. ‘फुजिको एफ. फुजिओ’ या टोपणनावाने पुढे त्यांनीच डोरेमॉनची निर्मिती केली.

म्हणजे आधी माल गेला, मग मंत्र आला आणि आता चित्र आले आहे. या तिसऱ्या देवघेवीचे गणित पहिल्या दोहोंपेक्षा निराळे आहे.

चित्रात तोटा, चिकटपट्टीत नफा

हे गणित समजण्यासाठी १९६३ सालाकडे जावे लागते. त्या वर्षी जानेवारीत ओसामू तेझुका यांची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही चित्रमालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. मालिका तयार करण्याचा खर्च मोठा होता आणि वाहिनीकडून मिळणारी रक्कम त्या मानाने थोडी. व्यवहारी माणसाने असा सौदा केलाच नसता. परंतु तेझुकांनी भरपाईचा मार्ग निराळा शोधला. नायकाच्या चित्रांच्या चिकटपट्ट्या प्रायोजक असलेल्या मेइजी कंपनीच्या चॉकलेटसोबत मिळू लागल्या, मुलांनी त्यासाठी चॉकलेट मागायला सुरुवात केली आणि चित्र वापरण्याच्या परवानगीचे पैसे निर्मात्याकडे येऊ लागले. त्याच वर्षी ही मालिका अमेरिकेतही दाखवली गेली.

जपानी चित्रव्यवसायाचा पाया या व्यवहारात आहे. मालिका ही जणू दुकानाची पाटी. खरी विक्री आत मांडलेल्या वस्तूंची. पुढे यातूनच भागीदारीची एक पद्धत रूढ झाली. पुस्तक छापणारा प्रकाशक, दूरचित्रवाणी कंपनी, खेळणी बनवणारा कारखानदार आणि जाहिरात संस्था मिळून एका मालिकेत भांडवल घालतात आणि आपापल्या हिश्श्याप्रमाणे हक्क वाटून घेतात. तोटा झाला तर विभागला जातो. फायदा झाला तर पुस्तक खेळण्याला, खेळणे मालिकेला आणि मालिका पुस्तकाला गिऱ्हाईक मिळवून देते. आपल्याकडे पाच भावांची पेढी ज्या तत्त्वावर चाले, तेच तत्त्व येथे लेखी करारात बांधलेले आहे.

या व्यवसायाचा आवाका आता प्रचंड आहे. जपानी चित्रपट-मालिका उद्योगाच्या संघटनेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये या बाजाराची एकूण उलाढाल सुमारे ३.३५ लाख कोटी येन होती आणि त्यातील सुमारे १.७२ लाख कोटी येन, म्हणजे निम्म्याहून अधिक, जपानबाहेरून आले. ज्या देशात लोकसंख्या आणि मुलांची संख्या घटत आहे, त्या देशाने परदेशी मुलांकडे पाहावे यात नवल नाही.

एका मांजराची वाटचाल

डोरेमॉनची कथा १९७० च्या जानेवारी अंकांपासून शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या सहा मासिकांत एकाच वेळी सुरू झाली. ही मासिके निरनिराळ्या वयांच्या आणि इयत्तांच्या मुलांसाठी होती. म्हणून लेखकाने प्रत्येक मासिकासाठी त्या वयाला साजेशी वेगळी गोष्ट लिहिली. गिऱ्हाईक ओळखून माल देण्याची ही दृष्टी पहिल्या दिवसापासून होती. तरीही यश लगेच आले नाही. १९७३ मध्ये दूरचित्रवाणीवर आलेली पहिली मालिका सहा महिन्यांत बंद पडली. १९७९ मध्ये दुसऱ्या वाहिनीवर, दुसऱ्या निर्मात्यांनी ती पुन्हा आणली तेव्हा ती रुजली. एकदा पडलेला माल पुन्हा बाजारात आणण्याचे धैर्य त्यांनी दाखवले नसते, तर आज वर्ध्याच्या दप्तरांवर दुसरेच काही दिसले असते.

भारतात हे मांजर २००५ मध्ये हंगामा टीव्ही या मुलांच्या वाहिनीवरून आले. ही वाहिनी यूटीव्हीने आदल्या वर्षी सुरू केली होती आणि पुढल्या वर्षी ती डिस्नेने विकत घेतली. नव्या वाहिनीला कमी खर्चात रोज कित्येक तास दाखवता येईल असा तयार माल हवा होता. जपानकडे शेकडो भाग तयार होते. मोठ्या कपाटातला साठा हा येथे जपानी कंपन्यांचा सर्वांत मोठा फायदा ठरला.

तरीही साठा असला म्हणजे माल खपतोच असे नाही. गोष्टीत काय होते ते पाहिले म्हणजे कारण कळते. नोबिता हा आळशी, रडका, परीक्षेत शून्य गुण मिळवणारा मुलगा. आई अभ्यासावरून रागावते, वडील दमून कामावरून येतात, गल्लीतला दांडगा मुलगा खेळणी हिसकावतो, श्रीमंत घरचा मुलगा नव्या वस्तूची फुशारकी मारतो. घरात शिरताना पायातले जोडे दाराशी काढले जातात. या गोष्टीत परके असे फार थोडे आहे. रामनगरातल्या असो वा आर्वीतल्या, कोणत्याही घरातल्या मुलाला ती स्वतःची वाटते.

म्हणूनच भारतात पात्रांची नावे बदलावी लागली नाहीत. नोबिता नोबिताच राहिला आणि शिझुकाही शिझुकाच. याउलट २०१४ मध्ये हीच मालिका अमेरिकेत दाखवली गेली तेव्हा नोबिताचा ‘नोबी’ आणि शिझुकाची ‘सू’ झाली. येनच्या नोटांच्या जागी डॉलर आले आणि जेवणातल्या काड्यांच्या जागी काटे. एकाच मालाला दोन देशांत दोन निरनिराळी वेष्टने लागतात, ही गोष्ट निर्यातीचा व्यापार करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी आहे.

खाण्याची एक गोष्टही येथे सांगण्याजोगी आहे. डोरेमॉनचा आवडता पदार्थ दोरायाकी. दोन गोल पोळ्यांच्या मध्ये लाल चवळीसारख्या अझुकी दाण्यांचे गोड पुरण, असे त्याचे स्वरूप असते. हिंदीत त्याचा ‘डोरा केक’ झाला. मूळ पदार्थात अंडे असते, हे अनेक पालकांना माहीत नसते. मुलाने हट्ट धरला तर अंड्याविना, दूध-मैदा-साखरेची धिरडी करून मध्ये आवडीचे सारण भरले म्हणजे काम भागते. मात्र बाहेरचे तयार पाकीट घेताना त्यावरील हिरवी वा तपकिरी खूण पाहून घ्यावी.

भाषेचा दरवाजा

जपानी मालिका परदेशात लवकर रुळतात यामागे एक तांत्रिक कारणही आहे. खर्च वाचवण्यासाठी या मालिकांत पात्रांच्या ओठांच्या हालचाली फार बारकाईने काढलेल्या नसतात. तोंड मिटलेले, अर्धे उघडे आणि पूर्ण उघडे एवढ्या मोजक्या चित्रांवर काम निभावते. त्यामुळे कोणत्याही भाषेचा आवाज त्यावर सहज बसतो. हिंदीत डोरेमॉनला सोनल कौशल यांचा आवाज मिळाला आणि लाखो भारतीय मुलांच्या दृष्टीने तोच त्याचा खरा आवाज ठरला. तमिळ आणि तेलुगूतही तो बोलू लागला.

येथे वर्ध्याच्या इतिहासाची आठवण होते. अहिंदी प्रांतांत हिंदीचा प्रसार व्हावा म्हणून गांधीजींच्या प्रेरणेने १९३६ मध्ये राष्ट्रभाषा प्रचार समिती वर्ध्यातच स्थापन झाली. परीक्षा, पुस्तके, प्रचारक यांच्या बळावर समितीने हे काम केले. आज त्याच जिल्ह्यातील मराठी घरांत शाळेत न गेलेले चार वर्षांचे मूल एका जपानी मांजराकडून अस्खलित हिंदी शिकते. कोणी त्याची परीक्षा घेत नाही आणि कोणी प्रमाणपत्र देत नाही.

यात आनंद मानावा की काळजी करावी? बांगलादेशाने २०१३ मध्ये हिंदीतील डोरेमॉनच्या प्रक्षेपणावर बंदी घातली, कारण मुले बंगालीऐवजी हिंदी बोलू लागल्याची तक्रार होती. आपल्याकडे बंदीची भाषा करण्याचे कारण नाही. हिंदी आपल्या व्यापाराचीही भाषा आहे. परंतु ज्या घरात आजीची गोष्ट बंद झाली आणि फक्त पडद्यावरची गोष्ट उरली, त्या घरात मुलाची मराठी, मारवाडी वा गुजराती हळूहळू आक्रसत जाते. दोष मांजराचा नाही. रिकामी जागा त्याने भरली एवढेच.

मालाची पारख पालकांनीही करावी लागते. ‘शिनचॅन’ ही मालिका २००६ मध्ये भारतात आली आणि अतिशय लोकप्रिय झाली. तिचे मूळ चित्रपुस्तक जपानमध्ये १९९० पासून प्रौढांच्या साप्ताहिकात छापले जात होते, ही गोष्ट येथे फार थोड्यांना ठाऊक होती. चित्र दिसले म्हणजे ते मुलांसाठीच असणार, असे आपण गृहीत धरले. पालकांच्या तक्रारी वाढल्या आणि २००८ मध्ये सरकारने ती बंद केली. पुढल्या वर्षी कात्री लावून ती परत आली. वेष्टन पाहून माल घेऊ नये, आतला पदार्थ पाहावा, हा नियम वाण्याच्या दुकानाइतकाच दिवाणखान्यालाही लागू आहे.

आपले धन, परकी कारागिरी

या व्यवहारात भारत केवळ गिऱ्हाईक राहिला असे नाही. कच्चा माल अनेकदा आपलाच होता. रडयार्ड किपलिंग यांच्या ‘जंगल बुक’मधले अरण्य नागपूरच्या उत्तरेला असलेल्या सिवनीच्या परिसरातले, आणि त्यातली वैनगंगा नदी विदर्भातूनच वाहते. त्या कथांवर निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी कंपनीने १९८९ मध्ये ५२ भागांची मालिका काढली. १९९३ मध्ये दूरदर्शनने ती हिंदीत दाखवली तेव्हा गुलजार यांनी तिचे गीत लिहिले, विशाल भारद्वाज यांनी संगीत दिले आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज मिळाला. रविवारी सकाळी मोगली पाहणाऱ्या आजच्या चाळिशीतल्या पिढीला ती मालिका जपानी आहे, याचा पत्ताही नव्हता. आपल्या शेजारचे अरण्य टोकियोला जाऊन पुन्हा आपल्या घरी आले होते.

दुसरे उदाहरण रामकथेचे. युगो साको हे जपानी चित्रनिर्माते १९८३ मध्ये भारतात पुरातत्त्वीय उत्खननावरील माहितीपटाच्या कामासाठी आले आणि रामायणाने भारले गेले. त्यांनी आणि भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक मानले जाणारे राम मोहन यांनी मिळून ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा चित्रपट घडवला. हिंदी आवृत्तीत रामाचा आवाज अरुण गोविल यांचा आणि रावणाचा अमरीश पुरी यांचा. १९९३ च्या सुमारास महोत्सवांतून गाजलेला हा चित्रपट चित्रगृहांत देशभर प्रदर्शित व्हायला मात्र २४ जानेवारी २०२५ उजाडावा लागला. चांगला माल तयार असणे आणि तो पेठेपर्यंत पोहोचणे, यांत तीस वर्षांचे अंतर पडू शकते.

आता पोहोचण्याचे मार्गही बदलले आहेत. २०१९ मध्ये मकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतात यावा म्हणून पन्नास हजारांहून अधिक चाहत्यांनी मागणीपत्रावर सह्या केल्या आणि तो आला. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेअर’च्या चित्रपटासाठी मोठ्या शहरांत पहाटेचे खेळ लावावे लागले. लहानपणी डोरेमॉन पाहिलेली पिढी आता कमावती झाली आहे. वीस वर्षांपूर्वी स्वस्तात विकलेल्या मालिकेचे पीक आज तिकिटाच्या रूपाने कापले जात आहे.

भारतीयांनीही धडा घेतला. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीचा ‘छोटा भीम’ २००८ मध्ये आला आणि त्याचीही दप्तरे, डबे, पुस्तके निघाली. गोष्टींचे भांडार आपल्याकडे कमी नाही. उणीव होती ती गोष्टीला हक्क, करार आणि चिकाटीची जोड देण्याची.

दुकानदारापुढचा प्रश्न

आता पुन्हा त्या टांगलेल्या दप्तराकडे वळू. त्यावरचे चित्र कोणाच्या तरी मालकीचे आहे. मालक परवाना देतो, परवानाधारक कारखानदार विक्रीवर ठरावीक टक्के मानधन भरतो, आणि मालावर अधिकृत परवान्याची खूण व कंपनीचे नाव असते. बाजारात मात्र बहुसंख्य दप्तरांवर यातले काहीच नसते. चित्र थोडे वेडेवाकडे, रंग किंचित फिका, नावाचे एखादे अक्षर बदललेले आणि पक्के बिल नाही.

समजा, असे दप्तर दुकानदाराला २५० रुपयांना पडते आणि ४०० ला विकले जाते. परवान्याचे ५५० ला पडते आणि ७०० ला जाते. दोहोंत नफा दीडशेच. पण पहिल्यात भांडवल निम्म्याहून कमी गुंतते आणि गिऱ्हाईक चटकन तयार होते. शेजारचे दुकान तेच विकत असते. मोह येथे आहे आणि तो खोटा नाही. हंगाम तीन आठवड्यांचा, भाडे बारा महिन्यांचे.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याच्या कलम १०४ मध्ये बनावट चिन्हाचा माल विकणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा सांगितली आहे. त्याच कलमात एक दिलासाही आहे. विक्रेत्याने पुरेशी खबरदारी घेतली होती, किंवा माल कोणाकडून घेतला ते तो सांगू शकतो, किंवा त्याचा हेतू निर्दोष होता, हे सिद्ध झाले तर तो सुटू शकतो. हे सिद्ध करायला पक्के बिल लागते. बिल नसेल तर वस्तू व सेवा करातील भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. खेळण्यांच्या बाबतीत आणखी एक अट आहे. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण बंधनकारक आहे. मुलांनी वेड लावून घेतलेला ‘बेब्लेड’ हा मुळात जपानी भोवराच. पण त्याची स्वस्त नक्कल खूण न पाहता दुकानात ठेवली, तर अडचण मुलाची नव्हे, दुकानदाराची होते.

कायद्यापलीकडेही एक वही आहे आणि जैन व्यापाऱ्याला ती परकी नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरीला प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमांचे उल्लंघन करणे, मापात कमी-अधिक करणे हे चार सर्वांना आठवतात. पाचवा आहे प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या नावाने नकली माल विकणे. तुपात भेसळ आणि सोन्यात हीण ही त्याची जुनी उदाहरणे. दप्तरावरचे चोरलेले चित्र हे त्याचेच आजचे रूप. मापात कधी दांडी न मारणाऱ्या दुकानातही हा माल टांगलेला दिसतो, कारण चित्र ही कोणाची तरी मालमत्ता आहे, असे मनाला सहसा वाटतच नाही. आपल्या दुकानाच्या नावाची नक्कल शेजारच्या गावी कोणी केली, तर मात्र ते लगेच वाटते.

यातून सुटण्यासाठी फार मोठे काही करावे लागत नाही. घाऊक विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत : परवान्याची खूण कुठे आहे? पक्के बिल मिळेल का? खेळणे असेल तर आयएसआय क्रमांक कोणता? उत्तरे नसतील तर तो माल सोडावा. ज्या गिऱ्हाइकाला परवान्याचे दप्तर परवडत नाही, त्याच्यासाठी फुले, पाने, वाघ, मोर अशी कोणाच्याही मालकीची नसलेली चित्रे असलेली किंवा चांगल्या कापडाची साधी दप्तरे ठेवता येतात. आई-वडिलांना शिलाईची मजबुती समजावून सांगणारा दुकानदार चित्राविनाही माल विकू शकतो. पहिल्या हंगामात काही गिऱ्हाइके शेजारी जातील, हे गृहीत धरावे लागेल. त्यातली किती परत येतील, हे शिलाईवर आणि शब्दावर अवलंबून राहील.

फुजिको एफ. फुजिओ १९९६ मध्ये गेले. त्यांनी काढलेले मांजर आजही हसते आहे, कारण ते कोणाचे आहे, याची नोंद त्यांच्या देशाने नीट ठेवली. व्यापारी कुटुंबात वाढलेल्या मुलाला ही गोष्ट समजायला कठीण नाही. पुढल्या जूनमध्ये नातू त्या दप्तराकडे बोट दाखवील तेव्हा आजोबांनी दप्तर उलटे करून आतली पट्टी त्याला वाचायला लावावी. कंपनीचे नाव, परवान्याची खूण, किंमत. तोच त्याचा व्यापारातला पहिला धडा होऊ शकतो.